अंतिमची तोंडी परीक्षा

फेब्रुवारी लागला की माझ्या फोनचा स्वभाव बदलतो. मी अजून देवासलाच आहे की बदली होऊन गेले, याची ज्या प्राचार्यांना वर्षभर चौकशी नसते, त्यांना अचानक माझी फार आठवण येऊ लागते. "मैडम, एक बच्चा है, जरा देख लो." हे 'जरा देख लो' नळ गळत असल्यासारखं म्हणतात. मी जायचं, पाना फिरवायचा, नळ बंद. परीक्षा तोंडावर आल्याशिवाय शाळेला मुलाचं मन दिसत नाही आणि परीक्षा संपली की ते पुन्हा दिसेनासं होतं. मी सरकारी शाळांची मानसशास्त्रज्ञ. सगळा जिल्हा माझ्या एकटीच्या पदरात. कागदोपत्री माझं पद चांगलं लांबलचक आहे, पण मुलं मला 'दिमाग वाली मैडम' म्हणतात. यात कौतुक किती आणि भीती किती, हे मी अजून शोधते आहे.

परवा पुन्हा असाच फोन आला आणि मी सोनकच्छच्या बसमध्ये बसले. देवास सुटताना टेकड्यांवरच्या पवनचक्क्या कंटाळलेल्या माणसानं जांभई द्यावी तशा फिरत होत्या. गहू पिवळा पडायला लागला होता. कुठल्या तरी शेतातून लसणाचा वास बसमध्ये शिरला आणि पुढच्या गावापर्यंत उतरला नाही. थांब्यावर एक बाई ओल्या हरभऱ्याच्या जुड्या घेऊन चढली. त्याला इकडे छोड म्हणतात. कंडक्टर म्हणाला, "भिया, आगे सरको, छोड वाली आई है." सगळी बस सरकली आणि जुडी सोलून दाणे तोंडात टाकू लागली. बारावीचं पुस्तक मांडीवर घेतलेल्या एका मुलीनं तेवढं हरभऱ्यापुरतं डोकं वर काढलं आणि पुन्हा खाली घातलं. पळसाला, म्हणजे इथल्या खाखऱ्याला, पहिली फुलं आली होती. हा सगळा वास, हा रंग, ही ओठ हलवत केलेली घोकंपट्टी एकदम आली की मला अंतिम आठवते. दर वर्षी.

अंतिम हे मुलीचं नाव आहे. माळव्यात अशी नावं ठेवतात. घरात ओळीनं मुली झाल्या की देवाला सूचना म्हणून पुढच्या मुलीचं नाव अंतिम ठेवायचं. देव सूचना वाचतोच असं नाही. या अंतिमच्या पाठीवर आणखी एक बहीण होती.

पीपलरावां नावाच्या कसब्याच्या पुढे एक गाव आहे. तिथल्या सरकारी शाळेच्या प्राचार्य मैडमनी मला त्या वर्षी बोलावलं होतं. "बारहवीं की लड़की है, बायलॉजी वाली. होशियार थी. दिवाली के बाद से बोलती नहीं है. दो हफ्ते में प्रैक्टिकल है, उसमें मौखिक होता है. नहीं बोलेगी तो लटक जाएगी." शाळेकडे कारणं तयार होती. कुणी म्हणालं मोबाईल. कुणी म्हणालं प्रेमप्रकरण. शाळेनं तगादा लावला म्हणून घरच्यांनी भेरू महाराजांच्या, म्हणजे भैरवाच्या, ओट्यावर नेऊन झाडून आणलं होतं. म्हणजे माझा नंबर भेरू महाराजांच्या मागून लागला होता. माझी त्याला हरकत नसते. ते मोफत बघतात आणि मीही मोफतच.

बसायला मला मध्यान्ह भोजनाच्या पोत्यांची खोली मिळाली. अंतिम आली, एका पोत्यावर टेकली. ओढणी कपाळापर्यंत. दारात त्यांचे जीवशास्त्राचे दिनेशसर उभे होते, त्याच वर्षी दिवाळीनंतर लागलेले अतिथी शिक्षक, तरुण, गळ्यात चॉकलेटी मफलर. मदतीला म्हणून थांबले होते. मी विचारलं, "बेटा, जेवलीस का? भूक लागते का?" ती म्हणाली, "च्च."

आता हा 'च्च' मी मराठी कानानं ऐकला. आपण हा आवाज कधी काढतो? कुणाचं वाईट झालं, दूध नासलं, शेजाऱ्यांची बदली गडचिरोलीला झाली, की आपण 'च्च' करतो. मला वाटलं, पोरगी माझी कीव करते आहे. रात्री झोप येते का? च्च. कुणी त्रास देतं का? च्च. अभ्यास होतो का? च्च, च्च. मी चांगली चाळीस मिनिटं स्वतःची कीव करवून घेतली. दिनेशसर म्हणाले, "देखा मैडम? ऐसे ही करती है." त्यांना तो उद्धटपणा वाटत होता, आणि प्राचार्य मैडमना आजार.

ऐकण्याच्या बाबतीत आम्हा माळव्यातल्या मराठी माणसांची नेहमीच फजिती होते. माझं माहेर धारचं. लहानपणी शाळेच्या वाटेवर एका कचेरीवर 'शिक्षा' असा शब्द असलेली मोठी पाटी होती. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण, हे ठाऊक व्हायच्या आधी मी ती मराठीत वाचली आणि कितीतरी दिवस त्या कचेरीसमोरून दप्तर छातीशी धरून पळत गेले. आज त्याच खात्याची भाकरी खाते आणि कधीकधी वाटतं, लहानपणचा अर्थही अगदीच चुकीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. बोलावणं नव्हतं. माझ्या कामातली निम्मी कामं बोलावणं नसताना होतात. मधली सुट्टी होती. हापशापाशी मुलींचा घोळका होता आणि मधोमध अंतिम उभी होती. ओढणी गळ्यात, एक हात हापशावर, आणि तोंड असं चाललेलं की ऐकत राहावं. कुणाच्या तरी लग्नात बँडवाला नाल्यात पडला, त्याची नक्कल चालली होती. पोरी हसून खाली बसल्या होत्या. हिला आवाज होता. चांगला खणखणीत होता. मी फाटकापाशीच थबकले.

तेवढ्यात फाटकातून मोटरसायकल आत आली. दिनेशसर. अंतिमचं वाक्य जिथे होतं तिथेच तुटलं. ओढणी डोक्यावर, कपाळावर, पाठ फिरवून भिंतीकडे तोंड. बाकीच्या पोरी हसतच होत्या. एकटी ही भिंतीला चिकटून उभी. सर सायकलींच्या रांगेशेजारी गाडी लावून आत गेले. ओढणी पुन्हा खाली आली.

मी तिला शाळेमागच्या हरभऱ्याच्या बांधावर घेऊन गेले. तिथे कुणी नव्हतं. मी विचारलं, "सर काही बोलले का? काही केलं का?" ती दचकली. "नी मैडम! सर तो अच्छे हैं. वी म्हारा जेठ लागे."

जेठ म्हणजे थोरला दीर. अंतिमची सगाई लहानपणीच झाली होती, सोनकच्छकडच्या एका गावात. दिनेशसर त्याच गावचे, मुलाच्या चुलत्यांच्या घरातले. लग्न अजून व्हायचं होतं, पण लाज सगाईपासून सुरू होते. जेठासमोर तोंड उघडायचं नसतं. त्यानं विचारलंच तर जीभ टाळूला लावून 'च्च' असा आवाज करून सांगायचं. तिच्या घरात एकदा म्हणजे नाही, दोनदा म्हणजे हो. तिची आई अजून असंच बोलते, असं तिनं मला अगदी सहज सांगितलं. म्हणजे पोरगी मला काल व्यवस्थित उत्तरं देत होती. भूक नाही, झोप नाही, त्रास कुणी देत नाही, अभ्यास होतो. मी विचारत होते आणि ती सांगत होती.

"मग घरी का नाही सांगितलंस?" "घरे सबको मालम है मैडम. पण घर वाले केवे, स्कूल में लाज नी करनी पड़े. ने सर का गाँव वाले केवे, सामने बोली तो केसी बहू है." मग हरभऱ्याचा दाणा नखानं सोलत, तिनं खरं ते सांगितलं. तिला नर्सिंगला जायचं होतं. बाप म्हणाला होता, बारावीत एका दमात पास झाली तर पढ़ा देंगे. नाहीतर आखा तीजला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न. प्रात्यक्षिकाला आतले परीक्षक म्हणून दिनेशसरच बसणार; तिथे लटकली की सगळंच लटकलं. ती रडली नाही. नुसती म्हणाली, "म्हने सब आवे है. पण मुंडो नी खुले."

मला राग आला होता. कुणावर, ते कळेना. सगळेच आपापल्या जागी बरोबर होते आणि मुलगी मात्र बुडत होती. परतीच्या बसमध्ये मी मनाशी एवढंच ठरवलं, की ही मुलगी त्या खोलीत बोलणार. बाकी जगाचं नंतर बघू.

त्या रविवारी मी धारला आत्याकडे गेले. आत्या आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते, टीव्हीवर हिंदी मालिका बघते आणि त्यातल्या सासवांना मराठीत शिव्या घालते. तिचं मराठी आमच्या खापरपणज्यांनी दरबारच्या नोकरीसाठी इकडे आणलं, तसंच डब्यात बंद करून ठेवलेलं आहे. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण ती अजून त्यांचं नाव घेत नाही. "तिकडून सांगणं झालं होतं", "स्वारीचं जेवण व्हायचं होतं", असंच बोलते. म्हणजे वाक्यातून माणूसच काढून टाकायचा आणि क्रिया तेवढी ठेवायची. माझा मुलगा, ज्याला मराठी वाचताना अजून बोट ठेवावं लागतं, तो लहानपणी विचारायचा, "आजी, ये स्वारी कौन है?"

मी तिला अंतिमचं सांगितलं. आत्या आधी खूप हसली. मग म्हणाली, "अगं, इकडच्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा इंदूरला नेलं, आठवतं का? मी एकटी. खिडकीतला पोरगा विचारतोय, माताजी, मरीज का नाम? माझ्या तोंडून फुटेचना. मागे रांग. तो ओरडायला लागला. शेवटी मी डोळे मिटले आणि म्हटला उखाणा."

"कुठला?"

"येत होता तो. लग्नातला." आणि ऐंशी ओलांडलेल्या आत्यानं पदर सावरून तो मला म्हणून दाखवला. "समईच्या उजेडात रांगोळी काढली साजरी, माधवरावांचं नाव घेते सासूबाईंच्या शेजारी."

दवाखान्याच्या खिडकीत! त्या पोरानं फॉर्मवर काय लिहिलं असेल देव जाणे. मी हसून हसून लोळले. आत्याही हसत होती, पण माझ्या आधी थांबली. "हस तू. पण रांगेतला एक शिपाई मराठी निघाला म्हणून बरं, त्यानं नाव सांगितलं. नसता निघाला तर? माणूस आत घाम गाळतोय आणि मी बाहेर उखाणे घेतेय. त्या पोरीला सोडव बाई. जमेल तसं सोडव." आत्यानं मला आजवर पुष्कळ उपदेश केले आहेत. हा एकच मी तंतोतंत पाळायचं ठरवून उठले.

सोमवारी मी दिनेशसरांना गाठलं. माणूस वाईट नव्हता. सगाईचं त्याला ठाऊक होतं, पण तो 'च्च' लाजेपोटी आहे हे लक्षात आलं नव्हतं; ऐकून लाजला, मग छाती थोडी फुगली. "मैडम, ये तो संस्कार हैं. मैंने थोड़ी बोला कि मत बोल." मी म्हटलं, "मग बोल असं सांगा." त्यांचा चेहरा उतरला. "मैं बोल दूँ तो गाँव में क्या बात जाएगी? कि जेठ ने बहू की लाज छुड़वा दी. मेरी माँ मुझे घर में नहीं घुसने देगी." तो शास्त्राचा पदवीधर आणि आईला घाबरत होता. मला त्याची दया आली, पण फार वेळ येऊ दिली नाही. "सर, ती नापास झाली तर मार्कांच्या खाली सही कुणाची असेल? तुमची. बहू घरी आल्यावर ते आठवत राहील." त्यानं गळ्यातला मफलर सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाला, "क्या करना है, बताओ."

"तुमचा मफलर द्या."

आमच्या विद्येत भीतीला पायरीपायरीनं सामोरं नेतात. पुस्तकात त्याला भारदस्त नाव आहे. पीपलरावांच्या पुढच्या त्या गावात त्याचं नाव 'मफलर' पडलं. प्रयोगशाळेत मी एक खुर्ची ठेवली, पाठीवर सरांचा मफलर टाकला आणि अंतिमला म्हटलं, यांना सांग, कांद्याच्या मुळाची स्लाइड कशी करतात. तिनं मफलरकडे पाहिलं, ओढणी ओढली आणि म्हणाली, "च्च."

तिच्या दोन मैत्रिणी खिडकीला लटकून खिदळल्या. "ए अंतिम, मफलर भी जेठ लगे है कंई?" मग तीही हसली, आणि हसता हसता पहिला शब्द सुटला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती मफलरला सगळं सांगत होती. ग्लासच्या तोंडावर कांदा ठेवायचा, मुळं फुटू द्यायची, टोक कापायचं, रंगवायचं, काचेवर दाबायचं. मग पेशी एकीच्या दोन कशा होतात, त्याच्या अवस्था. मफलरची खुर्ची तिच्या जवळ सरकवत नेली. मग सर मैदानाच्या टोकाला उभे राहिले, मग व्हरांड्यात. व्हरांड्यात आले की तिचा आवाज चिरकायचा, पण बंद पडत नव्हता. सरांना खोलीत आणलं त्या दिवशी मात्र सगळं पुन्हा शून्यावर. ती भिंतीकडे वळली आणि च्च एवढंच.

प्रात्यक्षिकाला एकच दिवस उरला होता. मी प्राचार्य मैडमशी भांडले, चांगली खुर्ची सरकवून भांडले. त्या म्हणाल्या, आतला परीक्षक हजर असलाच पाहिजे. मी म्हटलं, तिची तोंडी होईल तेवढा वेळ त्यांना पाणी प्यायला जाऊ द्या. पाणी पिऊ नये असा नियम असेल तर दाखवा. नियम निघाला नाही. तेवढ्यावर ठरलं.

मला मुलांबद्दल एक गोष्ट ठामपणे ठाऊक आहे. शाळेला गप्प मुलं आवडतात. दंगा करणारा मुलगा पहिल्या आठवड्यात माझ्याकडे येतो, गप्प बसणारी मुलगी परीक्षा आल्यावर येते, ती सुद्धा गप्प असण्यानं निकाल बिघडणार असेल तरच. परवाच्या सोनकच्छच्या शाळेतही तेच होतं. मी त्या प्राचार्यांना तसं तोंडावर सांगितलं. त्यांनी चहा मागवला. मी चहा प्याले आणि पुन्हा सांगितलं.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी हवेत अजून गारवा होता. मुलींच्या ओठांवर दही-साखरेचे पांढरे डाग होते. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, घाईत होते, आणि त्यांना संध्याकाळच्या लग्नाला जायचं आहे हे त्यांनी आल्याआल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं. प्रयोगशाळा म्हणजे एक लांब टेबल, दोन सूक्ष्मदर्शक, पैकी एक चालणारा. मी मागच्या बाकावर बसले. अंतिमचं नाव पुकारलं तसे दिनेशसर ठरल्याप्रमाणे उठले. "पानी पीके आता हूँ." ते बाहेर जाऊन हापशापाशी, दाराकडे पाठ करून उभे राहिले.

अंतिम टेबलापाशी आली. परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "हाँ बेटा, कौन सी स्लाइड है?"

ती बोलली नाही. आता तर सरही नव्हते. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं, पेन उचललं. मी बाकावरून अर्धी उठले होते, तोच ती म्हणाली, "सर, दिनेशसर को अंदर बुलवा दो."

"क्यों? काम मुझसे है तुम्हारा."

तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "मैडम, आज उनके पीछे से बोल दूँगी. पण बाद में उनका गाँव में जिनगी भर रेणो है. कित्ती बार उनके पानी पीने भेजोगे?"

मी जाऊन सरांना आणलं. का, ते सांगितलं नाही. ते आले, परीक्षकांशेजारच्या खुर्चीवर अवघडून बसले आणि टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिले. अंतिमची ओढणी डोक्यावर होती. तिनं ती काढली नाही. उलट दोन्ही हातांनी नीट केली, कानामागे घट्ट खोवली, आणि मान वर केली.

"प्याज की जड़ का सिरा है सर. समसूत्री विभाजन."

आवाज पहिल्या शब्दावर फाटला. दुसऱ्यावर सावरला. ती परीक्षकांकडे बघत नव्हती, सरळ दिनेशसरांकडे बघत होती, आणि त्यांच्याकडे बघतच सांगत होती. पूर्वावस्थेत गुणसूत्रांचे धागे आखूड होतात, जाड होतात. मध्यावस्थेत मधोमध एका रांगेत येतात. आवाज वाढत वाढत व्हरांड्यात गेला. दिनेशसरांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मग ती मान हळूच हलू लागली, एखादा शिक्षक बरोबर उत्तराला हलवतो तशी.

परीक्षक म्हणाले, "बस, बस. बहुत अच्छा. अगली को भेजो."

अंतिम जागची हलली नाही.

"सर, अभी बाकी है," ती म्हणाली. "अभी दो अवस्थाएँ और हैं."